भाई, कितने सेट बाकी?



सकाळी साडेसहा ते आठ या वेळात हैदराबादच्या जिममध्ये सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता? "भाई, कितने सेट बाकी?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर: "बस, दो." आता हैदराबादी 'दो'ची किंमत आपण जाणतोच. इथे 'परसों' म्हणजे परवा असतो, गेला महिना असतो आणि शाळेतले दिवसही असतात. 'पाँच मिनट में आया' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाही गेलेला नसतो. त्याच जातीचा हा 'दो'. विचारणारा मान डोलावतो, भिंतीला टेकून उभा राहतो आणि मनातल्या मनात ऑफिसच्या पहिल्या मीटिंगची वेळ मोजू लागतो.

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना आपल्या तरुण मंडळींत यावरून चांगलीच जुंपली. एका बाजूचं म्हणणं, दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, हे शास्त्र आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शास्त्र असेल, पण तीन-तीन मिनिटं बसून राहायला तो बेंच काय आजोबांच्या जहागिरीत मिळालाय? मला दोन्ही बाजू पटल्या. खरं तर त्यांच्यात भांडण नाहीच. विश्रांती आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आपण एक समजतो, तिथे घोटाळा होतो. विश्रांती स्नायूला लागते, बेंचला लागत नाही. आजचा लेख एवढ्याच मुद्द्यावर आहे.

आधी शास्त्राची बाजू पाहू. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या इंधनावर. हा साठा अगदीच तुटपुंजा, काही सेकंदांपुरता. तो भरून काढायला सर्वांत आधी धावून येतो क्रिएटिन फॉस्फेट. तोही जोरकस मेहनतीत दहा-पंधरा सेकंदांत बराचसा आटतो आणि मग शरीराला साखर जाळून काम भागवावं लागतं. सेटच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना मांड्या पेटल्यासारख्या होतात, त्या याच टप्प्यावर. आपल्या अपार्टमेंटच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुटले की टाकी रिकामी होते. मोटर लावली की खालच्या हौदातून पाणी वर चढतं, पण त्याला वेळ लागतो. क्रिएटिन फॉस्फेटची टाकी ढोबळमानाने पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मी भरते आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं घेते. त्याआधी पुन्हा नळ सोडला तर धार बारीकच येणार.

मग 'स्नायू वाढवायचे असतील तर एकच मिनिट थांबा' हे कुठून आलं? छोट्या विश्रांतीने शरीरातली वाढीची संप्रेरकं तात्पुरती जास्त स्रवतात, म्हणून स्नायूही जास्त वाढतील, असा तर्क बरीच वर्षं मांडला जात होता. २०१६ साली अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. आधीपासून व्यायाम करणारे २१ तरुण घेतले. आठ आठवडे सगळ्यांचा व्यायाम सारखाच, फक्त एका गटाला दोन सेटमध्ये एक मिनिट विश्रांती आणि दुसऱ्याला तीन मिनिटं. शेवटी स्क्वॉट आणि बेंच प्रेस या दोन्हींत तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची जाडीही त्यांचीच जास्त भरली. कारण सरळ आहे. जो नीट दम घेतो तो पुढच्या सेटला वजन न उतरवता पूर्ण फेऱ्या काढू शकतो. दिवसाचं एकूण काम त्याचं जास्त होतं.

व्यवहारात हिशोब असा ठेवावा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस यांसारख्या मोठ्या व्यायामांना दोन ते तीन मिनिटं. अगदी जड वजन, पाचच्या आत फेऱ्या असतील तर तीन ते पाच. दंड, खांदा, पोटरी अशा छोट्या स्नायूंच्या व्यायामाला एक ते दीड मिनिट पुरे. घड्याळ नसेल तर एक सोपी खूण आहे: न धापता एक लांब वाक्य बोलता येतंय का? येत असेल तर पुढचा सेट घ्या. वय जास्त असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आणखी थांबा, वजन उचलताना श्वास रोखून धरू नका आणि सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. थोडक्यात, तीन मिनिटं थांबणारा आळशी नसतो. शास्त्रवाल्यांचा मुद्दा पूर्ण मान्य.

आता जहागीरवाल्यांची बाजू. मी पडलो बी. ई., त्यामुळे कुठेही गर्दी दिसली की मनात हिशोब सुरू होतो. समजा, एक सेट ४० सेकंदांचा आणि मधली विश्रांती अडीच मिनिटांची. पाच सेट करायला लागणारा वेळ: पाच वेळा ४० सेकंद म्हणजे २०० सेकंद, अधिक चार विश्रांती म्हणजे ६०० सेकंद. एकूण ८००, म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. यात बेंच खऱ्या अर्थाने वापरला गेला तो २०० सेकंद. उरलेली दहा मिनिटं तो निव्वळ खुर्ची होता. महागातली, रेक्झिनची, पण खुर्चीच! तिघांनी एकामागून एक असा व्यायाम केला तर तिसऱ्याचा शेवटचा सेट संपायला बरोबर ४० मिनिटं लागतात.

तेच तिघे पाळीपाळीने आले तर? ४० सेकंदांचा सेट, वजनं बदलायला आणि बेंच पुसायला २० सेकंद, म्हणजे प्रत्येकी एक मिनिट. आपली पाळी दर तीन मिनिटांनी येणार. मध्ये विश्रांती मिळाली २ मिनिटं २० सेकंद, म्हणजे शास्त्रात सांगितली तेवढीच. पाच फेऱ्या गुणिले तीन मिनिटं: १५ मिनिटांत तिघेही मोकळे. पहिल्याचं तर १२ मिनिटं ४० सेकंदांतच संपतं, म्हणजे एकटा करत होता त्यापेक्षाही थोडं लवकर. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एका प्रोसेसने काम नसताना लॉक धरून ठेवला, की बाकी सगळे थ्रेड ताटकळतात. आपण ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमध्ये ही चूक शोधून काढतो, त्यावर लांबलचक शेरे लिहितो आणि सकाळी जिममध्ये टॉवेल टाकून तेच करतो.

हा टॉवेल टाकण्याचा प्रकार आपल्या माणसाला नवीन नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण एसटीत निदान रुमालामागोमाग माणूस येऊन बसतो आणि उतरेपर्यंत बसतो. जिममध्ये टॉवेल बेंचवर, बाटली केबल मशीनजवळ, मोबाईल चार्जिंगला आणि मालक वॉटर कूलरपाशी गप्पा मारताना सापडतो.

पाळीपाळीने वापरायची कल्पना काही परदेशातून आणायला नको. सुट्टीत मुंबईला गेलात तर शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुलांचा मल्लखांब पाहून या. खांब एक, मुलं रांगेत. एकजण उडी मारून चढतो, आपली उडी-पकड दाखवतो, उतरतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. पुन्हा पाळी येईपर्यंत त्याचे हात-खांदे ताजे झालेले असतात. तिथे विश्रांतीसाठी वेगळं घड्याळ लावावं लागत नाही, रांग हेच घड्याळ. शिवाय रांगेत उभा असलेला मुलगा दुसऱ्याची पकड पाहतो, त्यातून शिकतो. मोबाईलमध्ये डोकं खुपसून घेतलेल्या विश्रांतीत हा फायदा नाही.

वजन उचलण्याची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिक. तिथेही मंचावर बार एकच असतो. त्यावरचं वजन फक्त चढत जातं आणि ज्याने जे वजन मागितलं असेल त्याप्रमाणे एकेक खेळाडू येऊन तोच बार उचलतो. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं. स्वतःच्याच पाठोपाठ पुन्हा स्वतःची पाळी आली तर दम घ्यायला दोन मिनिटं. २००० साली सिडनीत आपल्या शेजारच्या आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात ११० अधिक १३० असं एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवलं, ते अशाच सगळ्यांच्या बारवर. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिला बार कुणाबरोबर तरी वाटून घ्यावा लागला, तर आपल्याला सोसायटीच्या जिममधला बेंच वाटून घ्यायला काय हरकत आहे?

यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे, पाच-दहा मिनिटांचाच तर प्रश्न, असं वाटत असेल तर आमच्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट ऐका. वय साठीच्या आत-बाहेर. हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, नुसतं चालणं पुरणार नाही, वजनांचे व्यायाम सुरू करा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मुलाने हौसेने नवे बूट आणले. काकू सलवार-कमीज घालून सोसायटीच्या जिममध्ये आल्या. पहिल्या दिवशी लेग प्रेसपाशी वीस-पंचवीस मिनिटं उभ्या राहिल्या. त्यावर बसलेला मुलगा वाईट नव्हता, त्याचं लक्षच नव्हतं. तो उठून गेला तेव्हा दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या प्लेट तशाच होत्या. त्या उतरवायच्या कोणी? दुसऱ्या दिवशी जवळपास तेच. चौथ्या दिवसानंतर काकू पुन्हा कोंडापूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये चालायला जाऊ लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अरे, तिथे सगळे आपापल्या कामात असतात. मध्येच काय विचारायचं!"

सगळे कामात म्हणजे काय, तर एक मॅचचा स्कोअर बघत होता आणि दुसरा रील.

तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बाथरूममध्ये पाय घसरला तर तोल सावरणारी मांडी, पडलो तर आधार देणारं मनगट, नातवाला उचलून घेणारी पाठ, हे सगळं त्यातच आलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. पासष्टीच्या पुढच्यांना तर ताकद आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन किंवा जास्त दिवस. म्हणजे त्या लेग प्रेसची गरज वीस वर्षांच्या मुलापेक्षा काकूंना जास्त होती.

आणि ज्या 'दहा फेऱ्यांचे तीन सेट' या मंत्राने आपण सगळे सुरुवात करतो, तो आला कुठून ठाऊक आहे? शरीरसौष्ठवाच्या मंचावरून नव्हे, रुग्णालयातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे गुडघे पुन्हा चालते करण्यासाठी त्यांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत व्यायाम देत होते. आधी ते सात ते दहा सेट करून घेत. पुढे तीन सेटही पुरतात असं त्यांच्या लक्षात आलं आणि १९४८ साली त्यांनी आणि डॉ. वॉटकिन्स यांनी ती पद्धत मांडली. दुबळ्या झालेल्या पायांसाठी जन्मलेली ही पद्धत आहे. मग दुबळे पाय घेऊन आलेलं माणूसच तिथून परत जावं, हे बरं नव्हे.

तर जिममधले शिष्टाचार म्हणजे फार मोठी आचारसंहिता नाही. मी पाळतो ते सांगतो.

गर्दीच्या वेळी सेट संपला की उठायचं. दम उभ्यानेही खाता येतो, दोन पावलं चालत तर आणखी चांगला.

जवळ कोणी घुटमळत असेल तर त्याने विचारायची वाट न पाहता आपणच म्हणायचं, "या, मध्ये करून घ्या." नवखा माणूस आणि बाईमाणूस सहसा विचारत नाही. काकूंसारखे लोक तर नाहीच नाही.

आपण उचललेलं वजन आपणच जागेवर ठेवायचं. वीस किलोची प्लेट तुम्हाला हलकी असेल, मागून येणाऱ्याला तो डोंगर असू शकतो. घाम पुसायचा, हे सांगायला लागू नये.

साडेसहा ते आठमध्ये एका वेळी एकच यंत्र. दोन यंत्रं धरून करायचे व्यायाम दुपारी करा.

डंबेलच्या रॅकला चिकटून व्यायाम करू नका. दोन पावलं मागे या, म्हणजे बाकीच्यांचा हात पोचेल.

कुणाच्या डोक्यावर वजन असताना त्याच्याशी बोलू नका, समोरून जाऊ नका. सेट संपू द्या.

ऑफिसचा कॉल आला तर बाहेर जा. तुमच्या प्रोजेक्टची डेडलाइन ऐकून दुसऱ्याचे हात सुटतात. व्हिडिओ काढायचा असेल तर चौकटीत दुसरं कुणी येत नाही ना ते बघा. विशेषतः मुली आणि बायका व्यायाम करत असताना हे पाळलंच पाहिजे.

आणि सल्ला विचारल्याशिवाय देऊ नका. कुणी स्वतःला इजा करून घेईल असं दिसलं तर ट्रेनरला सांगा. पावडरीबद्दल तर बोलूच नका. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं स्पष्ट लिहिलंय. संस्था आपल्याच गावात आहे, तिचं थोडं ऐकू या.

आता प्रश्न विचारण्याचा. आपल्या मराठी घरांत 'कशाला कुणाला त्रास द्यायचा' हे बाळकडू असतं, त्यामुळे जीभ रेटत नाही. पण हैदराबादेत विचारणं सोपं आहे, फक्त प्रश्न बदला. 'कितने सेट बाकी?' याला उत्तर 'दो'च येणार. त्याऐवजी म्हणा, "भाई, बीच में मैं भी एक सेट मार लेऊँ क्या?" उत्तर येईल, "हौ, मार लेव!" समोरचा तेलुगू असेल तर, "अन्ना, मध्यलो नेनु ओक सेट चेसुकोवच्चा?" दोन्ही प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारतोय, नकार आलेला आठवत नाही. आलाच तर 'नक्को' येईल, आणि तो शब्द तरी मूळचा आपल्याच 'नको'चा भाऊ आहे.

आमच्या सोसायटीत आम्ही काही जणांनी यावर बसून बोललो. नियमांची पाटी नको, असं ठरलं. पाट्या कोणी वाचत नाही. दोन गोष्टी केल्या. सगळ्यांना दिसेल असं सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ भिंतीवर लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर वरचा ४० मिनिटं विरुद्ध १५ मिनिटांचा हिशोब टाकला. इंजिनिअरांची सोसायटी, उपदेश कुणी ऐकला नसता, आकडे सगळ्यांनी तपासून पाहिले. एकाने तर वजनं बदलायचे २० सेकंद कमी पडतात म्हणून ३० धरून नवा तक्ता पाठवला. त्यातही पाळीपाळीच जिंकली.

काकूंना मात्र ग्रुपवरून बोलावून चालणार नव्हतं. त्यांना माझी बायको हाताला धरून घेऊन आली. आता त्या सोमवारी आणि गुरुवारी येतात. लेग प्रेसवर त्यांच्या मागे-पुढे बी. टेक.ची दोन मुलं असतात. एकाचा सेट झाला की दुसरा प्लेट उतरवतो, "आंटी, आपका नंबर," म्हणतो आणि काकू बसतात. त्यांचे दहा होईपर्यंत दोघांचा दम खाऊन होतो. परवा त्यांतल्या एकाने घाईघाईत लगेच पुढचा सेट सुरू केला, तर काकूंनीच त्याला घड्याळ दाखवलं. "बेटा, अभी दो मिनट नहीं हुए. बैठ नक्को, खड़े रह!"

तर मंडळी, उद्या सकाळी सेट संपला की उठून बघा. मागे कोण उभं आहे ते दिसेल.

भेटू पुढच्या अंकात. तोवर दम खा, जागा द्या!